दिवसा चालणारा कॅमेरा रात्री बंद का पडतो? सोलापुरात सीसीटीव्ही-अलार्मच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी

९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या प्रत्येक सीसीटीव्ही कॅमेऱ्याला केंद्र सरकारच्या सुरक्षा कसोट्या पार कराव्या लागतात. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर राज्य सरकारनं शाळांना कॅमेरे सक्तीचे केले. त्याच्याही आधी, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायचा आदेश दिला होता. एवढं सगळं कानावर पडल्यावर माणूस दोन गोष्टी विचारतो. आपल्या दारावरचा जुना कॅमेरा आता काढावा लागणार का? आणि दहावी-बारावी झालेल्या पोराला या लायनीत घालावं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही. नियम कॅमेरा बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला आहे. तुमच्या भिंतीवर आधीपासून असलेला कॅमेरा त्यानं बेकायदा ठरत नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र हे काम आतून कसं असतं ते बघावं लागेल. बाहेरून दिसतं ते शिडी, ड्रिल आणि चार स्क्रू. पैसे त्याचे मिळत नाहीत.

नवा नियम फिटरला काय सांगतो

आजचा कॅमेरा म्हणजे डोळा लावलेला छोटा कॉम्प्युटर. इंटरनेटला जोडला की बाहेरचा माणूस त्यात शिरू शकतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातली लाखो उपकरणं अशीच ताब्यात घेतली. त्यात कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर भरपूर होते. युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेले साठेक नेहमीचे पासवर्ड त्यानं एकामागून एक लावून पाहिले, आणि बसवणाऱ्यानं पासवर्ड बदललेलाच नसल्यानं दारं उघडत गेली.

म्हणून नव्या कसोट्यांमध्ये कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर परस्पर बदलता येतं का, नको ती दारं उघडी आहेत का, चित्र सांकेतिक रूपात पाठवलं जातं का, हे सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासतात. फिटरच्या वाट्याला दोन कामं येतात. खोक्यावर आणि कॅमेऱ्यावर ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघायचा. आणि बसवताना पासवर्ड मालकाच्या हातानं टाकून घ्यायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड देणारे फिटर आहेत. एकाचा फुटला की सगळ्यांचाच फुटतो.

यंत्रणेचे चार भाग

कॅमेरा, केबल, वीजपुरवठा आणि रेकॉर्डर. बाकी सगळं यांच्यात येतं.

जुनी, पण अजून सगळ्यांत जास्त दिसणारी पद्धत ॲनालॉग. तिच्यात कॅमेऱ्यापासून रेकॉर्डरपर्यंत ‘थ्री प्लस वन’ केबल जाते. मधली जाड तार चित्राची, सोबतच्या तीन बारीक तारा वीज-आवाजासाठी. चित्राच्या टोकाला बीएनसी कनेक्टर, विजेच्या टोकाला डीसी पिन. रेकॉर्डरला डीव्हीआर म्हणतात. घरातली २३० व्होल्ट वीज १२ व्होल्ट करून सगळ्या कॅमेऱ्यांना वाटणारी जाळीची पेटी म्हणजे एसएमपीएस. चार कॅमेऱ्यांना ५ अँपिअरची, आठांना १० अँपिअरची घेतात.

नवी पद्धत आयपी. इथं कॉम्प्युटरच्या नेटवर्कचीच कॅट-सिक्स केबल चित्रही नेते आणि वीजही. एकाच केबलवरून वीज द्यायच्या या पद्धतीला पीओई म्हणतात. रेकॉर्डर एनव्हीआर. प्रत्येक कॅमेऱ्याला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असतो. दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन गोंधळेल, इथंही तसंच. दोन कॅमेऱ्यांना एकच पत्ता गेला की कधी एक दिसतो, कधी दुसरा. नवशिक्या फिटर अशा वेळी कॅमेरा खराब समजून बदलून मोकळा होतो. पत्त्यांची यादी आधी कागदावर लिहिली असती तर पाच मिनिटांत निभावलं असतं.

आता तो रात्रीचा कॅमेरा

या एका बिघाडात अर्धा धंदा शिकून होतो, म्हणून इथं जरा थांबू.

तक्रार नेहमी सारखीच असते. गेटवरचा कॅमेरा दिवसभर छान चालतो, अंधार पडला की बंद. सकाळी पुन्हा सुरू. मालकाला वाटतं कॅमेरा खराब, दुकानदार वॉरंटीत बदलून देतो, आणि नवा कॅमेराही त्याच रात्री बंद पडतो.

कारण असं. अंधारात बघता यावं म्हणून कॅमेरा स्वतःभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लावतो. दिवसा तो साधारण ०.१५ अँपिअर घेतो. दिवे लागले की ०.४ पर्यंत जातो. आता तारेचं बघा. सोलापूरकरांना प्रेशर काय चीज आहे ते समजावून सांगायला नको. पाणी सुटलं की टाकीजवळच्या घराला धो-धो आणि गल्लीच्या शेवटच्या घराला बोटाएवढी धार. पाइप लांब आणि बारीक, त्यात वरच्या सगळ्यांनी एकदम नळ सोडलेले. तारेतही हेच होतं. व्होल्ट म्हणजे प्रेशर, अँपिअर म्हणजे वाहतं पाणी, आणि तारेचा विरोध म्हणजे पाइपची बारकाई.

आकडे टाकून बघू. गेट रेकॉर्डरपासून ६० मीटरवर आहे. वीज जाते आणि परतही येते, म्हणून तार धरायची १२० मीटर. ०.३ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला विरोध होतो सुमारे ७ ओहम. दिवसा ०.१५ गुणिले ७, म्हणजे १ व्होल्ट वाटेत जातो आणि कॅमेऱ्याला ११ मिळतात. रात्री ०.४ गुणिले ७, म्हणजे २.८ व्होल्ट जातात आणि उरतात ९.२. बरेच कॅमेरे ९ व्होल्टच्या खाली दम तोडतात, म्हणजे हा काठावर पास झाला. पण केबल स्वस्तातली, वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी असेल, तर विरोध जवळपास दीडपट होतो. मग दिवसाचे १०.४ ठीक, रात्रीचे राहतात ७.८. कॅमेरा बंद. बंद झाला की विजेची ओढ थांबते, व्होल्ट पुन्हा चढतात, तो पुन्हा सुरू व्हायला बघतो, दिवे लावतो आणि पुन्हा पडतो. गेटवर रात्रभर ‘टिक-टिक’ ऐकू येते ती याचीच.

फसगत होते मोजताना. फिटर दुपारी येतो, कॅमेऱ्याची पिन काढून मीटर लावतो, मीटर १२ दाखवतो. “सप्लाय बरोबर आहे, कॅमेराच गेलाय.” पिन काढल्यावर वीज वाहतच नाही, मग वाटेत काही गळणार कसं? सगळे नळ बंद असताना शेवटच्या घरातही प्रेशर पूर्णच दिसतं. मोजायचं असतं पिन जोडलेली ठेवून, कॅमेऱ्याच्या टोकाला, आणि दिवे लागलेले असताना. दिवसा दिवे लावायचे तर कॅमेऱ्याच्या काचेमागचा उजेड ओळखणारा सेन्सर जाड काळ्या कापडानं झाकायचा. ‘टक्’ आवाज होतो, चित्र काळं-पांढरं होतं, मीटरचा आकडा खाली येतो. बिघाड सापडला.

इलाज तीन-चार आहेत. विजेसाठी वेगळी जाड तार ओढायची. किंवा त्या कॅमेऱ्याचा छोटा सप्लाय गेटजवळच्याच पॉइंटवर लावायचा. एसएमपीएसवरचा बारीक स्क्रू फिरवून १२ चे १३ करणारेही आहेत. पण त्याच पेटीवरच्या जवळच्या कॅमेऱ्यांना मग जादा व्होल्ट जातात, म्हणून सगळी टोकं मोजल्याशिवाय त्याला हात लावू नये. नवं काम असेल तर पीओई घ्यावं. तिथं वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते. प्रेशर चौपट म्हणजे तेवढ्याच कामाला पाणी पाव, आणि वाटेतली घटही तेवढ्या हिशेबानं कमी. त्याचीही मर्यादा आहेच: नेटवर्क आणि वीज वाटणाऱ्या पेटीपासून, म्हणजे स्विचपासून, कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटर.

केबल खरी तांब्याची आहे का, हे ब्लेडनं खरवडलं की कळतं. आतून पांढरी चमकली तर ॲल्युमिनियम.

चादरीचे ताणे आणि चोराचा चेहरा

“कॅमेऱ्यात माणूस दिसतोय, पण ओळखू येत नाही.” चोरीनंतर सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच.

दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं असतं. चादरीचे १९२० ताणे समजा. ताणे तेवढेच ठेवून चादरीचा पन्हा वाढवला तर कापड विरळ होणार. चित्राचंही तसंच. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीनं ओळखायचा तर युरोपीय मानकात चित्रातल्या दर मीटर रुंदीला २५० ठिपके लागतात. ओळखीचा माणूस कळायला १२५ पुरतात. कोणीतरी आलंय एवढंच कळायला २५. १९२० ला २५० नं भागलं तर ७.७ मीटर येतात. म्हणजे चित्रात यापेक्षा जास्त रुंदी धरली की चेहरा विरायला लागतो.

२.८ मिलिमीटरची रुंद लेन्स शंभरेक अंशांवरचं सगळं दाखवते. गिऱ्हाईक खूश, “पूर्ण अंगण दिसतं!” पण हिशेब मांडला तर तिच्यात खात्रीनं ओळखण्याइतका चेहरा सुमारे तीन मीटरपर्यंतच मिळतो. ६ मिलिमीटरची लेन्स ५० अंशांच्या आसपास दाखवते आणि चेहरा आठेक मीटरपर्यंत धरते. म्हणून जाणता फिटर एका गेटला दोन कॅमेरे सुचवतो: एक रुंद, काय घडलं ते सांगायला, एक अरुंद, कुणी केलं ते सांगायला. आणि दुसरा आठ-दहा फूट उंचीवर लावतो. वीस फूट उंच लावलेल्या कॅमेऱ्यात नुसत्या टोप्या आणि टाळू दिसतात.

रेकॉर्डिंग किती दिवस राहील

रेकॉर्डर शाळेतल्या पाटीसारखा असतो. भरला की सगळ्यांत जुनं पुसून त्यावर लिहितो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा चित्र आकसून साठवायच्या नव्या एच-२६५ पद्धतीनं सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल, तर दिवसाला २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६. एक टीबीच्या हार्डडिस्कमध्ये प्रत्यक्ष वापरायला ९३० जीबीच्या आसपास मिळतात, म्हणजे दहा-अकरा दिवस. आठ कॅमेरे आणि महिनाभर हवं असेल तर ५.२ टीबी, बाजारातून ६ ची डिस्क घ्यायची. “महिनाभर राहतं हो” असं तोंडी सांगून एक टीबी लावणारा फिटर पुढच्या चोरीपर्यंतच चांगला असतो.

लूमच्या शेडमध्ये शिरलात की

पुस्तकात नसतात अशा गोष्टी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये भेटतात.

पहिली गोष्ट तूस. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात आणि घुमटाच्या कॅमेऱ्याच्या काचेवर बसतात. दिवसा काही कळत नाही. रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचाच इन्फ्रारेड उजेड त्या तंतूंवर आपटून परत येतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. शेडमध्ये घुमटाऐवजी उघड्या काचेचा, लेन्स आणि दिवे वेगवेगळ्या कप्प्यांत असलेला कॅमेरा घ्यावा आणि आठवड्याला कोरड्या मऊ कापडानं पुसायची जबाबदारी कामगारातल्या एकावर टाकावी. बाहेरच्या कॅमेऱ्यावर हेच काम कोळी करतो. दिव्यांच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळ्याची एक तार रात्रभर ‘हालचाल आढळली’ असे मेसेज पाठवत राहते.

दुसरी गोष्ट हादरे. लूमच्या सांगाड्याला किंवा त्याच अँगलला कॅमेरा बांधला की महिन्याभरात स्क्रू ढिले. भिंत धरा, स्क्रूची प्लॅस्टिकची गिट्टी नीट बसवा, स्प्रिंग वॉशर घाला.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. ॲनालॉग चित्रात आडवे जाड पट्टे हळूहळू वर सरकताना दिसतात. कॅमेऱ्याची धातूची बॉडी शेडच्या लोखंडाला टेकलेली असते, रेकॉर्डर ऑफिसच्या अर्थिंगवर असतो, आणि या दोन ‘जमिनीं’त चार-पाच व्होल्टचा फरक असतो. तो फरक चित्राच्या तारेतून वाहायला लागतो. ओळखायचं असं: कॅमेऱ्याकडून आलेली बीएनसी रेकॉर्डरमधून काढायची आणि तिचं बाहेरचं कवच व रेकॉर्डरची बॉडी यांच्यात एसी व्होल्ट मोजायचे. आकडा दिसला की दुखणं कळलं. इलाज म्हणजे कॅमेरा आणि लोखंडाच्या मध्ये प्लॅस्टिकची चार बाय चारची पेटी घालायची किंवा चित्राच्या तारेत दोन्ही ‘जमिनी’ वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर लावायचा. काही जण रेकॉर्डरच्या प्लगची अर्थिंगची पिनच तोडून टाकतात. पट्टे जातात, हे खरं. पण पुढं कधी बॉडीत करंट उतरला तर तो जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. हे काम करणाऱ्याला हत्यारं खाली ठेवायला सांगावं.

मग एप्रिल-मे. पारा ४२-४३ ला आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. एसएमपीएसमधले कपॅसिटर असोत की यूपीएसची बॅटरी, ठरावीक तापमानापुढच्या प्रत्येक १० अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पेटी पत्र्याला लागून उंच टांगण्यापेक्षा छातीच्या उंचीवर, सावलीत, वारा खेळेल अशी लावावी. आणि वळिवाच्या विजा. दोन इमारतींमधून हवेत ओढलेली तांब्याची केबल म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण. जवळपास वीज पडली तरी तारेत एवढा झटका येतो की स्विच आणि रेकॉर्डर एकदमच जातात. दोन इमारतींमध्ये फायबर ओढावी. काचेतून उजेड जातो, करंट नाही.

कॅमेऱ्यापलीकडे: आग आणि दार

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. कॅमेरा आग दाखवतो. झोपलेल्याला उठवत नाही. ते काम अलार्मचं. हाताखाली माणसं नाहीत म्हणून अडतं ते याच शाखेत. कॅमेरे लावणारे गल्लोगल्ली आहेत, फायर अलार्मचं पॅनल वाचू शकणारे शोधावे लागतात.

इथंही तूस आडवं येतं. धूर ओळखणारा साधा डिटेक्टर आतल्या उजेडाच्या किरणात काही आलं की वाजतो. धूर असो वा तूस. रोज खोटं वाजलं की कुणीतरी वैतागून वायरच काढून ठेवतो. म्हणून लूमच्या भागात उष्णता ओळखणारे डिटेक्टर आणि ऑफिस, जिना, झोपायच्या खोल्यांत धुराचे, अशी विभागणी करतात. कुठं, किती अंतरावर, याचं भारतीय मानक आहे: आयएस २१८९. फिटरनं ते चाळलेलं असावं.

वायरिंगमधली एक गोष्ट मात्र पाठच करावी. प्रत्येक लाइनच्या अगदी शेवटच्या डिटेक्टरमध्ये एक छोटा रेझिस्टर बसवतात. गल्लीच्या टोकाला उभा असलेला गुरखा दर तासाला शिट्टी वाजवतो तसं ते आहे. शिट्टी येतेय तोवर वाट शाबूत. थांबली की पॅनलला कळतं, मध्ये कुठंतरी तार तुटली. आता एखाद्यानं वायर वाचवायला मधूनच फाटा काढून दोन डिटेक्टर जोडले, तर शिट्टी मुख्य रस्त्यानं येतच राहते आणि फाट्याची तार तुटलेली कुणालाच कळत नाही. पॅनलवर हिरवा दिवा, खोलीत धूर. म्हणून लाइन एका डिटेक्टरमधून दुसऱ्यात अशी सलग न्यायची, फाटा काढायचा नाही.

दारांचं थोडक्यात. ऑफिसच्या दाराला लावतात ते चुंबकी कुलूप २७० किलोच्या आसपास ओढ सहन करतं आणि वीज गेली की उघडतं. तसंच हवं. आगीच्या वेळी अलार्म पॅनलनं त्याची वीज तोडली पाहिजे. ही एक तार जोडायची राहिली तर माणसं आत कोंडतात. कुलपाच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा लावायचा, ‘१एन४००७’, दोन-चार रुपयांचा. तो नसला की कुलूप बंद-चालू होताना उसळणारा झटका बायोमेट्रिक मशिनचा रिले, म्हणजे आतला स्विच, खातो आणि मशीन सहा महिन्यांत दुरुस्तीला येतं.

शिकायचं कुठं

तीन वाटा आहेत.

हातात दोन वर्षं असतील तर शासकीय आयटीआय. वायरमन ट्रेडला आठवी पास चालतं. इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला दहावी. तिन्ही दोन वर्षांचे. यांत ‘सीसीटीव्ही’ हा शब्द कमी येतो, पण ओहमचा नियम, सोल्डरिंग, मीटर, अर्थिंग हे पक्कं होतं, आणि वरचे सगळे बिघाड त्यातलेच आहेत. कल नेटवर्ककडे असेल तर आयटीआयमध्येच माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांच्या देखभालीचा वेगळा ट्रेडही आहे. शिवाय २३० व्होल्टचा नवा पॉइंट काढायचा तर कायद्यानं परवानाधारक माणूस लागतो. वायरमनला ती वाट मोकळी राहते.

दोनच आठवडे असतील तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. प्रत्येक जिल्ह्यात ती बँक चालवते. सीसीटीव्ही, सिक्युरिटी अलार्म आणि स्मोक डिटेक्टर बसवायचा १३ दिवसांचा कोर्स या संस्थांच्या यादीत आहे. फी नाही, राहणं-जेवण तिथंच. मोहोळ, बार्शी, मंगळवेढ्याच्या मुलाला हे सोयीचं पडतं. तेरा दिवसांत कारागीर होत नाही. हत्यारांची भीती जाते आणि बँकेत कर्ज मागायला कागद मिळतो. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत मिळतात. ड्रिल, शिडी, मीटर, क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर यांना तेवढे बास.

तिसरी वाट कौशल्य प्रमाणपत्राची. इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा ‘सीसीटीव्ही इन्स्टॉलेशन टेक्निशियन’ हा अभ्यासक्रम खासगी केंद्रांत चालतो. केंद्रा-केंद्रांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फी भरण्याआधी वर्गात नको, वर्कशॉपमध्ये जाऊन उभं राहा. भिंतीवर भोकं दिसतायत का? प्रत्येक मुलाला स्वतःचा मीटर मिळतो का? जळालेले एसएमपीएस आणि बिघडलेले डीव्हीआर मुद्दाम ठेवलेत का? नुसता चकाचक डेमो बोर्ड आणि प्रोजेक्टर असेल तर चहा घेऊन परत या.

कोणतीही वाट धरली तरी नंतर वर्षभर शिकाऊ उमेदवारी करावी. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. त्यामुळे छोट्या फर्मलाही मुलगा ठेवणं परवडतं.

“पण यूट्यूबवर सगळं आहे की!”

आहे. डीव्हीआरची सेटिंग शिकायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण मीटरचा आकडा बघून कारण ओळखणं बघून येत नाही, जसं पोहणं बघून येत नाही. केबलच्या टोकाला आठ रंग लावायचा क्रम, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, पाच मिनिटांत पाठ होतो. शिडीवर, उन्हात, घामट बोटांनी तो बिनचूक दाबायला पन्नास टोकं वाया घालवावी लागतात. ती कोर्सच्या पैशानं घालवलेली बरी.

“वायफायचे कॅमेरे आल्यावर वायरवाला हवा कशाला?”

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नकोच. पण वायफायच्या कॅमेऱ्यालाही वीज लागते, म्हणजे एक वायर आलीच. जुन्या सोलापुरातल्या वाड्यांच्या दगडी भिंतींतून सिग्नल पलीकडे जाता जात नाही. आणि लाइट गेली की राऊटर बंद, म्हणजे चोराला हव्या त्याच वेळी कॅमेरा आंधळा. तारेचे आठ कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून ६०-७० वॅट खातात. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर ते अर्धा तास निघतात. जास्त हवं तर मोठी बॅटरी, तिचा हिशेब फिटरनंच करून द्यायचा.

“शेजाऱ्याची खिडकी दिसली तर?”

हा प्रश्न कामाच्या आधी विचारावा. रेकॉर्डरमध्ये चित्राचा नको तो भाग काळा करायची सोय असते. जुळे सोलापूरसारख्या भिंतीला भिंत असलेल्या वस्तीत ती वापरावीच. बाईमाणसाचा खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कपड्याच्या दुकानाचा मालक ट्रायल रूमकडे तोंड करून कॅमेरा मागत असेल तर काम सोडून द्यावं.

कोर्टाचंही एक. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फुटेज पुरावा म्हणून द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, लिहावा लागतो. डीव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं मागं असेल तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो. आतलं बटणाएवढं सेल उतरलं की घड्याळ भरकटतं. दर भेटीला ते मोबाइलशी ताडून पाहायला दहा सेकंद लागतात.

पैसा कशात आहे

कॅमेरा विकण्यात फारसा उरलेला नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर भाव दाखवतं. बसवायची मजुरी नगाप्रमाणे मिळते आणि तिच्यात चढाओढ आहे. टिकतं ते वार्षिक देखभालीच्या करारात. समजा चाळीस गिऱ्हाइकं आणि प्रत्येकाकडे वर्षाला तीन फेऱ्या. म्हणजे १२० फेऱ्या, आठवड्याला दोन-अडीच. उरलेल्या दिवसांत नवी कामं. हा हिशेब जमायला आधीची कामं पक्की हवीत, नाहीतर चाळीस गिऱ्हाइकं चारशे फोन करतात. सोलापुरात तेलुगूभाषकांच्या पूर्वभागात काम मिळवायचं तर थोडं तेलुगू येत असलं की दार लवकर उघडतं, हे वेगळं सांगायला नको.

मुलींना हे काम जमेल का, असंही विचारतात. शिडी दोघांनीच धरायची असते, मग ती मुलाची असो की मुलीची. रेकॉर्डर, नेटवर्क, दारांच्या कुलपांची म्हणजे ॲक्सेस कंट्रोलची मांडणी हे तर टेबलावरचंच काम आहे, आणि दुपारी घरात बाई एकटी असताना टेक्निशियनही बाईच आली तर गिऱ्हाइकाला हवंच असतं.

तीन फेऱ्यांची वेळ सोलापूरच्या हवेनं ठरते. पहिली वळिवाच्या आधी, एप्रिलमध्ये: अर्थिंग, विजेचा झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर, पेटीतली धूळ. दुसरी पावसाळा ओसरल्यावर: जोडात शिरलेलं पाणी, हिरवट पडलेल्या बीएनसी, कोळ्याची जाळी. तिसरी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, डिसेंबरअखेर, बाजारात गर्दी वाढायच्या वेळी: हार्डडिस्कची तब्येत, घड्याळ, आणि महिन्याभरापूर्वीचं एक रेकॉर्डिंग प्रत्यक्ष चालवून बघणं. प्रत्येक कॅमेऱ्याचे दिवे लागलेले असतानाचे व्होल्ट डीव्हीआरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहायचे. पुढच्या वर्षी गेटचा आकडा १०.८ चा १०.१ झालेला दिसला, की तो कॅमेरा बंद पडायच्या आधीच जोड उघडून साफ करता येतो.